काटा चढतो, पंखा फिरत नाही

बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमात दरवर्षी विवेकानंद जन्मोत्सव साजरा होतो. पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादासाठी प्रचंड पंगत बसते आणि गावाकडे येणाऱ्या रस्त्यांवर वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. समृद्धी महामार्गावरून ताशी १२० किलोमीटर वेगाने कुरकुर न करता आलेली गाडी अशा रांगेत दहा-पंधरा मिनिटे उभी राहिली, की कधी कधी तिच्या तापमानाचा काटा चढू लागतो. दिवस थंडीचे असूनही गाडी का तापते, हा प्रश्न तेव्हा चालकाला पडतो.

याचे उत्तर वाऱ्यात आहे. इंजिनातली उष्णता कूलंट हे द्रावण रेडिएटरपर्यंत आणते आणि तिथे हवा ती घेऊन जाते. गाडी वेगात असताना समोरचा वारा पुरतो. गाडी थांबली की हे काम विजेच्या पंख्याकडे येते. म्हणूनच मोकळ्या रस्त्यावर शांत असणारी आणि गर्दीत तापणारी गाडी बहुधा पंख्याचीच रोगी असते. उलट, वेगात असतानाही गाडी तापत असेल तर कूलंटची गळती, अडकलेला थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप किंवा चोंदलेला रेडिएटर यांचा संशय आधी घ्यावा. वैद्यकात रुग्णाला ‘ताप कधी चढतो, कधी उतरतो’ हे विचारण्याला जितके महत्त्व, तितकेच इथेही आहे.

थंड गाडीतला बंद पंखा हा आजार नव्हे

ट्रॅक्टरचा पंखा सहसा पट्ट्यावर चालतो. इंजिन सुरू की तोही सुरू. कारचा पंखा मात्र गरज पडेपर्यंत झोपलेला असतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला उघडतो आणि पंखा बहुतेक गाड्यांत ९५ ते १०५ अंशांच्या आसपास लागतो. शरीरातही अशीच सोय आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस रक्ताच्या तापमानावर नजर ठेवतो आणि ते वाढू लागले की त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतो, घाम आणतो. गाडीत नजर ठेवण्याचे काम सेन्सरचे, आदेश देण्याचे कंट्रोल युनिटचे, वीज पोचवण्याचे रिले आणि फ्यूजचे, तर प्रत्यक्ष फिरण्याचे काम मोटरचे. साखळीतली एक कडी तुटली तरी बाहेरून लक्षण एकच दिसते, पंखा बंद. म्हणून थेट मोटर बदलायला सांगणे म्हणजे तपासणीआधीच शस्त्रक्रिया ठरवणे होय.

सोप्याकडून अवघडाकडे

पहिली तपासणी कूलंटच्या पातळीची, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना. पातळी फार खाली गेली तर सेन्सर द्रावणाऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो आणि त्याला खरे तापमान कळत नाही. तेव्हा दोष पंख्याचा नसून गळतीचा असतो.

दुसरी तपासणी एसीची. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की थोड्याच वेळात रेडिएटरजवळचा पंखाही लागतो. काही गाड्यांत एसीचा पंखा वेगळा असतो, म्हणून कोणता फिरतो ते पाहावे. रेडिएटरचाच पंखा फिरला तर मोटर शाबूत आहे. संशय सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगवर जातो. अनेक गाड्यांत सेन्सरचा कनेक्टर काढला की कंट्रोल युनिट खबरदारी म्हणून पंखा लावते. तसे झाले तर सेन्सरवरचा संशय आणखी पक्का होतो.

एसी लावूनही पंखा हलला नाही तर फ्यूज पाहावा. तो उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. तोही लगेच उडाला तर मोटर जाम झाली आहे किंवा वायर कुठेतरी शॉर्ट आहे. अशा वेळी फ्यूजच्या जागी तांब्याची तार लावण्याचा जुगाड आग लावू शकतो. फ्यूज वेदनेसारखा असतो. वेदना दाबली म्हणून आजार जात नाही.

फ्यूज ठीक असेल तर रिलेची पाळी. त्याच डब्यात हॉर्नचा किंवा दुसरा अगदी त्याच क्रमांकाचा रिले असेल तर दोघांची अदलाबदल करून पाहता येते. त्यानंतर पाहावा मोटरचा कनेक्टर. त्यावर हिरवट गंज, वितळलेले प्लास्टिक, सुटलेले अर्थिंग किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर सापडणे नवलाचे नाही.

शेवटी मोटर. फ्यूज लावलेल्या वायरने बॅटरीचा १२ व्होल्ट पुरवठा थेट दिला आणि ती फिरली नाही, तर दोष तिचाच. हे काम मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनवर सोपवावे. बंद मोटर हलके ठोकल्यावर फिरू लागली तर तिचे कार्बन ब्रश झिजले असण्याची शक्यता मोठी. ती त्या दिवशी घरी पोचवेल, पण पुढच्या गर्दीत दगा देईल.

खरा धोका इंजिनाला नाही, माणसाला

रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते, त्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवले की दाब क्षणात सुटतो आणि उकळते द्रावण चेहरा, मान व हातांवर उसळते. फडक्याने धरून उघडल्याने हा धोका टळत नाही. बॉनेटखालून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेटही उघडू नये. झाकणाला हात लावण्यापूर्वी किमान अर्धा तास थांबावे आणि रेडिएटरचा वरचा पाइप हाताला थंड लागतो का ते पाहावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो.

दुसरी इजा पंख्याचीच. काही गाड्यांत किल्ली काढल्यानंतरही पंखा आपोआप सुरू होतो. बोटे, ओढणी, उपरणे, मफलर त्याच्यापासून दूर ठेवावेत. पाती हाताने फिरवून पाहायची असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी.

भाजलेच तर अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढावे आणि भाजलेल्या भागावर २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तेल काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. द्रावण डोळ्यांत गेले असेल तर भरपूर पाण्याने डोळे धूत राहावे. चेहरा, डोळे किंवा हात भाजले असतील तर रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते रंगीत आणि चवीला गोड, त्यामुळे लहान मुले व जनावरे त्याकडे ओढली जातात. पोटात गेल्यास सुरुवातीला दारू चढल्यासारखे दिसते, पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. उरलेले कूलंट पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. कुणी प्यायले तर लक्षणांची वाट न पाहता, डबा सोबत घेऊन रुग्णालयात जावे. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

रस्त्यात काटा चढलाच तर

एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण लावावा. तो इंजिनातली थोडी उष्णता आत खेचून घेतो. तेवढ्या वेळात गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन बंद करावे. मुले आणि वृद्धांना बंद गाडीत न बसवता रस्त्यापासून दूर, सावलीत न्यावे, पाणी पाजावे. उन्हाळ्यात कुणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अंग ओले करून वारा घालावा आणि रुग्णालयात हलवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

प्रवासाच्या आदल्या दिवशी, मोकळ्या जागेत, एसी बंद ठेवून गाडी वीसेक मिनिटे उभ्यानेच चालू ठेवावी. इंजिन नीट तापल्यावर पंखा लागल्याचा आवाज आला आणि काही वेळाने तो थांबला, तर साखळीतली प्रत्येक कडी जागेवर आहे. काटा मधल्या खुणेच्या वर सरकला आणि आवाज आलाच नाही, तर इंजिन बंद करावे आणि दुसऱ्या दिवशी गाडी आधी मेकॅनिककडे न्यावी.