डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काय सांगतो?



माल बाजारात न्यायला, प्रदर्शनाला जायला आता काही गटांनी कर्ज काढून गाडी घेतली आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा असतो. आकार घोड्याच्या नालासारखा, मध्ये उद्गारचिन्ह. तो लागला की ‘चालतंय’ म्हणून सोडून देणारे खूप आहेत. पण त्या गाडीत आपल्या आठ-दहा जणींचा माल आणि दोघी-तिघींचा जीव असतो. म्हणून आज आपण या दिव्याबद्दल बोलू.

चाकात हवा कमी असली की टायर जास्त दबतो, फिरताना सारखा वाकतो आणि तापतो. त्यात ऊन, भरलेला माल आणि वेग असला तर तो फुटू शकतो. ते आधी कळावं म्हणून ही यंत्रणा. तिला टीपीएमएस म्हणतात.

ती दोन प्रकारची असते. एकीत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हजवळ सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजून गाडीला कळवतो. दुसरीत असा सेन्सर नसतो. हवा कमी झालेलं चाक थोडं लहान होतं, म्हणून ते जरा जास्त वेगाने फिरतं. एबीएस ब्रेकची यंत्रणा हा फरक ओळखते. या प्रकारात हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं, नाहीतर ती चुकीच्या दाबालाच बरोबर समजते. आपली गाडी कुठल्या प्रकारची, ते गाडीच्या पुस्तकात बघून घ्या.

दिवा लागून तसाच राहिला तर हवा कमी आहे. गाडी सावकाश बाजूला घ्या, चारही चाकं बघा, हवा तपासा. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग लागून राहिला, तर बिघाड यंत्रणेत आहे. तरीही हवा मोजायचीच, कारण आता सांगणारं कुणी नाही.

चाकातल्या सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं चालते. ती बहुधा बदलता येत नाही, सेन्सरच नवा घ्यावा लागतो. पंक्चर काढायला गेलात तर टायर उतरवण्याआधीच सांगा, ‘आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हच्या बाजूने जोर लावू नका.’ टायर बदलताना व्हॉल्व्हचं रबरी सील आणि आतली पिनही नवी घाला. पंक्चरचं द्रव औषध सेन्सरला चालतं का, तेही आधी विचारा. व्हॉल्व्हचं टोपण कधी हरवू देऊ नका, नाहीतर धूळ-पाणी आत जातं.

जुन्या गाडीला बाहेरून, व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर मिळतात. त्यांच्यात छोटा गोल सेल असतो, तो बदलता येतो.

आणखी एक गोष्ट. २०२० पासून आपल्या देशात टीपीएमएस, ट्यूबलेस टायर आणि पंक्चरचं किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. नवी गाडी घेताना डिकी उघडून स्टेपनी आहे का ते बघा.

दिवा आहे म्हणून हवा मोजणं सोडू नका. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची आहे. तिथेही दाब २५ टक्के कमी झाल्यावर दिवा लागला तरी नियमाला चालतं. म्हणजे ३२ पौंड हवी तिथे २४ होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो.

म्हणून पंधरा दिवसांतून एकदा सकाळी, गाडी फिरवण्याआधी, टायर गार असताना हवा मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. माल भरल्यावरचा आकडा वेगळा असू शकतो. तापलेल्या टायरमधली हवा वाढलेली दिसली तरी काढू नका. स्टेपनी असेल तर तीही मोजा.

हप्त्यांची नोंद आपण चोख ठेवतोच. त्याच वहीत शेवटी एक पान गाडीचं करा: तारीख, चारही चाकांची हवा आणि मोजणारीची सही. पाळी लावून घ्या, म्हणजे हे काम एकटीवर पडणार नाही.