खंडानंतर पुन्हा ‘नीट’

कॅडेट मित्रांनो, शाळा सोडून बी.एस्सी. केली, दोन वर्षे नोकरी केली. आता चेन्नईत राहून पुन्हा ‘नीट’ची तयारी करतो आहे. मध्ये खंड पडलेल्याने आधी चार गोष्टी पाहाव्यात.

वय : ‘नीट’ची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये उठली, पुण्याच्या एएफएमसीची मात्र २४ वर्षांची आहे. माझ्यासाठी तिथली ही शेवटची संधी.

अभ्यासक्रम : २०२४ पासून तो कमी झाला. पचन, ज्ञानेंद्रिये, वनस्पतींमधील वहन हे पाठ वगळले आहेत. जुन्या वह्या बाजूला ठेवून एनसीईआरटीची नवी आवृत्ती घ्यावी.

भाषा : मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. चेन्नई केंद्र घेणाऱ्याने संज्ञा इंग्रजीतूनच पक्क्या कराव्यात.

वेळ : २०२५ पासून पर्यायी प्रश्न गेले. १८० मिनिटांत १८० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. जीवशास्त्राचे ९० प्रश्न मी ५० मिनिटांत सोडवतो. उरलेली १३० मिनिटे भौतिक आणि रसायनशास्त्राला मिळतात.

इथे सकाळी आठलाच उकाडा सुरू होतो. म्हणून पहाटे पाचला, आपल्या पीटीच्या वेळी, मी पुस्तक उघडतो. शाळेची ती सवय आज सर्वांत उपयोगी पडते आहे.