कंपवात : हालचालींचा हरवलेला संकेत

कंपवात अर्थात पार्किन्सन्सचा आजार म्हटला की थरथरणारा हात डोळ्यांपुढे येतो. परंतु कुटुंबीयांना कोड्यात टाकणारी लक्षणे पुष्कळदा निराळीच असतात. सदऱ्याच्या गुंड्या लावण्यास फार वेळ लागू लागतो. अक्षर ओळीगणिक बारीक होत जाते. चालताना एक हात पुढेमागे हलेनासा होतो, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरील भाव मावळतात आणि उंबरठ्यापाशी येताच पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मग कोणी म्हणते, ‘वयोमानाने असे व्हायचेच’. कोणी शक्तिवर्धक औषध सुचविते. तर कोणाला वाटते, ‘बाबा अलीकडे फार हट्टी झाले आहेत.’

वास्तविक या रुग्णाच्या स्नायूंतील शक्ती बव्हंशी शाबूत असते. हालचाल करण्याची इच्छाही असते. दुबळा झालेला असतो तो इच्छा आणि हालचाल यांना जोडणारा मेंदूतील दुवा. या दुव्याचे काम करणाऱ्या रासायनिक द्रव्यास डोपामिन असे म्हणतात. ते कमी झाल्यावर मेंदूत नेमके काय घडते, हे समजून घेतल्यास रुग्णाकडे पाहण्याची आपली दृष्टी पालटते आणि औषधोपचाराचे मर्मही ध्यानात येते.

काळ्या पेशींचा ऱ्हास

मेंदूच्या मध्यभागी, खालच्या बाजूस, सब्स्टान्शिया नायग्रा नावाचा लहानसा भाग असतो. या लॅटिन नावाचा अर्थ ‘काळा पदार्थ’. तेथील पेशींत गडद रंगद्रव्य साठलेले असल्याने तो नुसत्या डोळ्यांनीही काळसर दिसतो. या पेशींचे लांब तंतू स्ट्रायटम नावाच्या भागापर्यंत पोहोचतात आणि तेथे डोपामिन सोडतात. कंपवातात या काळ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. आजाराचा आरंभ बहुधा शरीराच्या एकाच बाजूस होतो.

उरलेल्या पेशी काही काळ अधिक काम करून ही उणीव भरून काढतात. त्यामुळे हालचालींत दोष दिसू लागेपर्यंत यांपैकी सुमारे निम्म्या किंवा त्याहूनही अधिक पेशी गेलेल्या असतात. वास न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणे वा हातपाय झाडणे या तक्रारी काहींच्या बाबतीत कित्येक वर्षे आधी सुरू झालेल्या असतात. अर्थात त्यांची इतरही कारणे असतात; तेवढ्यावरून कोणी घाबरून जाऊ नये.

चालना आणि लगाम

मोठ्या मेंदूने हालचालीचा विचार केला की तो संदेश तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया नावाच्या पेशीसमूहांतून फिरून, थॅलॅमस या केंद्रामार्गे पुन्हा मोठ्या मेंदूकडे येतो. या फेऱ्याच्या शेवटी असलेल्या पेशी थॅलॅमसला एरवी सतत रोखून धरतात. ओढलेल्या हातब्रेकसारखीच ही व्यवस्था असते. हवी ती हालचाल करावयाची तर तिच्यापुरता ब्रेक सैल व्हावा लागतो.

यासाठी स्ट्रायटममधून दोन मार्ग निघतात. पहिला थेट मार्ग ब्रेक सैल करतो व हालचालीस वाट देतो. दुसरा अप्रत्यक्ष मार्ग ब्रेक आवळतो आणि नको असलेल्या हालचाली थोपवितो. डोपामिन पहिल्या मार्गास डी-१ ग्राहकांद्वारे बळ देते आणि दुसऱ्यास डी-२ ग्राहकांद्वारे आवर घालते. थोडक्यात, दोन्ही बाजूंनी ते हालचालीच्याच पारड्यात वजन टाकते.

म्हणूनच डोपामिन आटले की दुहेरी नुकसान होते. चालना देणारा मार्ग मंदावतो आणि लगाम घालणारा मार्ग मोकाट सुटतो. अप्रत्यक्ष मार्गावरील सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा इवलासा भाग अतिक्रियाशील होऊन ब्रेक आणखी घट्ट करतो. परिणामी थॅलॅमस दबलेला राहतो आणि ‘ऊठ’ हा मनातला हुकूम पायांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. १९८९-९० च्या सुमारास मांडले गेलेले हे चित्र आजही पायाभूत मानले जाते. मात्र सारी लक्षणे त्यात बसत नाहीत. उदाहरणार्थ, कंप निर्माण होण्यात लहान मेंदूशी जोडलेल्या मार्गांचाही सहभाग असतो.

शोधातील भारतीय धागा

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले; परंतु त्याचे मूळ उलगडण्यास शतकाहून अधिक काळ लागला. त्यातील एक धागा मुंबईपर्यंत येतो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा या वनस्पतीच्या रक्तदाबावरील गुणांचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. हेच रेसर्पिन दिलेले ससे निश्चल होऊन पडतात आणि लेव्होडोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागतात, असे स्वीडनचे अर्विड कार्लसन यांनी १९५७ साली दाखविले. डोपामिनविषयीच्या संशोधनासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच व त्यांच्या सहकाऱ्याने कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिन अतिशय घटलेले असल्याचे सिद्ध केले. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी हळूहळू वाढविलेल्या मोठ्या मात्रेत तोंडावाटे डोपा देऊन रुग्णांत सुधारणा घडवून आणली.

उपचार आणि वेळेचे महत्त्व

डोपामिनच थेट का देत नाहीत, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. रक्तातून मेंदूत शिरताना असलेला अडसर डोपामिनला ओलांडता येत नाही. लेव्होडोपाला तो ओलांडता येतो आणि मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन बनते. हे रूपांतर वाटेतच होऊ नये म्हणून गोळीत कार्बिडोपासारखे साहाय्यक द्रव्य मिसळलेले असते.

आजार वाढतो तसतशी मेंदूची डोपामिन साठविण्याची क्षमता घटते आणि गोळीचा परिणाम लवकर ओसरू लागतो. म्हणून ठरलेली वेळ चुकणे म्हणजे रुग्णाचे चालणेबोलणे अडणे होय. काही वर्षांनी औषधाच्या ऐन भरात अंगाच्या अनावर हालचालीही होऊ शकतात. अशा निवडक रुग्णांच्या मेंदूत तारा बसवून सबथॅलॅमिक न्यूक्लियससारख्या भागास विद्युतस्पंदने देण्याच्या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. मात्र आजाराची वाटचाल थांबविल्याचे निर्विवाद सिद्ध झालेले औषध अद्याप उपलब्ध नाही.

कुटुंबीयांनी ध्यानात ठेवावे असे

गोळ्या घड्याळाप्रमाणे द्याव्यात. डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणू शकतात. यास्तव जेवण आणि गोळी यांतील अंतर डॉक्टरांना विचारून ठरवावे. गोळ्या एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. रुग्ण अन्य आजारासाठी दाखल झाला तरी त्याच्या गोळ्यांच्या वेळा परिचारिकेस लिहून द्याव्यात. उलटी, चक्कर वा मानसिक आजारावरील काही औषधे डोपामिनचे कार्य रोखतात. मेटोक्लोप्रामाइड, सिनॅरिझिन आणि हॅलोपेरिडॉल ही त्यांची उदाहरणे होत. तेव्हा कोणतेही नवे औषध घेण्यापूर्वी आजाराची कल्पना द्यावी. खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असते. १९३७ साली एम. दामोदरन व आर. रामस्वामी यांनी ते वेगळे काढल्याचे प्रसिद्ध केले होते. म्हणूनच तिचे चूर्ण डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. मात्रा नकळत दुप्पट व्हायची.

पाय अडल्यास रुग्णास ओढू नये. आपोआप घडणाऱ्या हालचालींचा मार्ग अडला तरी डोळ्यांना वा कानांना मिळालेल्या खुणेच्या आधारे मेंदू पुष्कळदा दुसरी वाट काढतो. जमिनीवर आखलेल्या पट्ट्या, ‘एक-दोन, एक-दोन’ अशी मोजणी किंवा टाळ्यांचा ठेका यांनी अडलेले पाऊल पुढे पडते. नियमित व्यायाम आणि फिजिओथेरपी हाही उपचाराचाच भाग होय.

कंपवाताची औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. गरीब घरात महिनाअखेरीस गोळ्या संपल्या की रुग्ण अंथरुणास खिळतो. त्या मिळाल्या की तोच रुग्ण स्वतःच्या हाताने जेवतो आणि अंगणात फिरतो. हा फरक त्याच्या जिद्दीचा नव्हे, तर मेंदूत वेळेवर पोहोचलेल्या डोपामिनचा असतो. दात्यांच्या साहाय्यातून मिळालेली महिन्याची औषधे आणि घरच्यांनी धरलेला धीर ही दोन्ही त्या हरवलेल्या संकेताच्या जागी उभी राहतात, याची जाण या लेखाने यावी, एवढीच अपेक्षा.