सायकलच्या वाटेचा धनी कोण?

नवी मुंबई हे वयाने तरुण शहर आहे. 1970 च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. तिने ठाणे खाडीच्या पूर्वेकडे शहर आखले, रस्ते बांधले. महानगरपालिका आली ती 1992 च्या जानेवारीत. संसार मांडणारा एक आणि तो चालविणारा दुसरा, ही या शहराची लहानपणापासूनची रीत आहे. वाशीहून बेलापुराकडे जाणाऱ्या पाम बीच मार्गाच्या कडेने सायकलसाठी वेगळी वाट करण्याचे महानगरपालिकेने मनावर घेतले, तेव्हा खाडीतल्या तिवरांची काळजी अनेकांनी बोलून दाखविली, व ती रास्तच होती. आम्हांस विचारावयाचे आहे ते निराळेच: वाट झाल्यावर ती राखावयाची कोणी?

एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस या प्रश्नाचे मर्म समजावून द्यावयास नको. सामाईक विहिरीचा रहाट मोडला म्हणजे पाणी सर्वांसच हवे असते. सुताराला मात्र दुसऱ्याने बोलवावे असे प्रत्येकास वाटते. भागीचे घोडे किवणाने मेले, ते असेच.

त्यातून सायकलचे चाक अरुंद. मोटारीला जो खळगा जाणवतही नाही, तो सायकलस्वारास पाडावयास पुरेसा होतो. गटारावरील जाळीचे गज वाटेच्या दिशेने बसविले असले तर चाक त्यांत अडकते. तेच आडवे बसविले तर काहीच बिघडत नाही. पावसाळ्यात शेवाळ धरते, वाळू वाहून येते, तारा पुरण्यासाठी कोणी चर खणतो आणि माती लोटून निघून जातो. मोटारींचा रस्ता बिघडला तर शहरभर ओरड होते. सायकलची वाट बिघडली तर स्वार मुकाट्याने भरधाव मोटारींच्या रस्त्यावर उतरतो. मग ‘वाटेचा कोणी उपयोगच करीत नाही’ असा शेरा पडतो, आणि होती तीही डागडुजी थांबते. तोवर शाळेला निघालेला मुलगा व कारखान्याच्या पाळीवर चाललेला कामगार यांचा जीव त्या मोठ्या रस्त्यावर टांगलेला असतो.

हे काल्पनिक भय नव्हे. खाडीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलात 2011 च्या सुमारास मोठ्या हौसेने सायकलमार्ग बांधण्यात आला. त्यावर सायकलींपेक्षा उभ्या मोटारीच अधिक दिसत, आणि अखेर 2025 साली तो काढून रस्ता रुंद करण्याचे ठरले.

नवी मुंबईत तर धन्यांची गर्दीच आहे. औद्योगिक पट्टा औद्योगिक विकास महामंडळाने वसविला. तिवरे वनखात्याच्या देखरेखीखाली, आणि त्यांच्याभोवतालच्या 50 मीटर पट्ट्याविषयी उच्च न्यायालयाचा 2018 चा कडक निर्णय आहे. बेलापूर ओलांडून खारघरात शिरले की 2016 साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेची हद्द लागते. सायकलस्वाराला ही सीमा दिसत नाही. झाडूवाल्याला मात्र ती पक्की ठाऊक असते! 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाच्या 63 व्या कलमाने सार्वजनिक रस्ते राखणे हे आवश्यक कर्तव्य ठरविले आहे खरे. परंतु दोघांच्या सीमेवरचा चर कोणी बुजवावयाचा, हे आपसांत लेखी ठरविल्यावाचून निभाव लागत नाही.

हॉलंडातही रस्ते एकाच हाती नाहीत; नगरपालिका, प्रांत, क्वचित पाण्याची व्यवस्था पाहणारी मंडळेही आपापले रस्ते सांभाळतात. पण तेथे 1883 साली सायकलस्वारांनी स्थापिलेल्या संस्थेने 1919 पासून वाटेवर छत्रीच्या आकाराचे बुटके दिशादर्शक बसविले, व प्रत्येकावर क्रमांक घातला. वाट कोठे बिघडली हे सांगावयास एक आकडा पुरतो. या क्लृप्तीस खर्च तो किती!

गृहनिर्माण संस्थांनी फर्लांग-फर्लांग वाट दत्तक घ्यावी, अशी सूचना अधूनमधून होते. आमचा तीस विरोध नाही. मात्र अशा दत्तकविधानात नावाची पाटी आधी लागते आणि झाडू मागाहून येतो, असा सर्वत्रचा अनुभव आहे. झाडण्याचा व दिव्यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा, चर खणणाऱ्याकडून अनामत आधी घ्यावी, आणि प्रत्येक तुकड्याच्या आरंभी त्याचा क्रमांक व राखणाऱ्या कचेरीचे नाव लिहावे. पहिली पाटी बेलापूर-खारघरच्या सीमेवर बसवावी, व तीवर दोन्ही महानगरपालिकांची नावे असावीत.