वाशिम जिल्ह्यातील वीजतंत्री व्यवसाय

वीजतंत्री हा घरे, शेतीपंप, कारखाने व वीजवाहिन्या यांवरील विद्युत संचमांडणीची उभारणी, तपासणी आणि दुरुस्ती करणारा प्रशिक्षित कारागीर होय. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा मुख्यतः शेतीप्रधान आहे. २०१८ मध्ये त्याचा समावेश देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत करण्यात आला. मोठे कारखाने कमी असल्याने येथील वीजतंत्र्यापुढे वीज कंपनीतील नोकरी, स्वतंत्र व्यवसाय आणि स्थलांतर असे तीन प्रमुख मार्ग असतात. त्याची मिळकत कौशल्याइतकीच त्याच्याकडील प्रमाणपत्रावर व परवान्यावर अवलंबून असते.

प्रशिक्षण

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील (आयटीआय) वीजतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यासाठी विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. वायरिंग, आर्थिंग, रोहित्र आणि मोटार वाइंडिंग हे त्यातील प्रमुख घटक होत. अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये आस्थापनेत उमेदवारी करता येते. २०१९ च्या सुधारणेनुसार प्रमाणपत्रधारक उमेदवारास दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले.

नोकरी व वेतन

राज्यातील बहुतांश भागात वीजवितरण करणारी महावितरण कंपनी ‘विद्युत सहाय्यक’ या पदावर वीजतंत्री व तारतंत्री उमेदवारांची भरती करते. २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेल्या ५,३४७ पदांसाठी तीन वर्षांचा कंत्राटी कालावधी होता. त्यात पहिल्या वर्षी १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० व तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये मासिक मानधन निश्चित केले होते. हा कालावधी समाधानकारकपणे पूर्ण करणाऱ्यास तंत्रज्ञ पदाची नियमित वेतनश्रेणी मिळते. रेल्वेतील तंत्रज्ञ (श्रेणी ३) व सहाय्यक लोको पायलट या पदांचे सातव्या वेतन आयोगानुसार प्रारंभिक मूळ वेतन १९,९०० रुपये आहे. खासगी आस्थापनांत कुशल कामगाराचे किमान वेतन शासन ठरवते. महागाईनुसार बदलणारा विशेष भत्ता त्यात मिळवला जातो.

परवान्याचे महत्त्व

आयटीआयचे प्रमाणपत्र म्हणजे काम करण्याचा परवाना नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे लागते. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलणे यांसारख्या किरकोळ कामांना त्यातून सूट आहे. नवीन वीजजोडणीसाठी ठेकेदाराच्या स्वाक्षरीचा चाचणी अहवाल लागतो. त्यामुळे परवाना नसलेला वीजतंत्री संपूर्ण वायरिंग करू शकत असला, तरी अहवालासाठी त्याला दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते आणि मोबदल्याचा काही भाग त्याच्या हाती येत नाही. अपघात झाल्यास त्याची बाजूही कमकुवत ठरते. तारतंत्री, पर्यवेक्षक आणि ठेकेदार अशा चढत्या क्रमाने परवाने मिळवणे हा स्वतंत्र व्यवसायातील बढतीचा मार्ग होय.

शेती आणि हंगाम

जिल्ह्यातील सोयाबीन व तूर ही खरिपाची पिके प्रामुख्याने पावसावर येतात, तर रब्बीतील गहू व हरभरा यांना विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी द्यावे लागते. म्हणून पंप दुरुस्ती व जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग यांची मागणी हिवाळ्यात वाढते आणि स्वतंत्र वीजतंत्र्याची मिळकत वर्षभर सारखी राहत नाही.

पीएम-कुसुम (२०१९) व ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ (२०२४) या योजनांमुळे कामाचे स्वरूप बदलत आहे. दुसऱ्या योजनेत पंपाला पाच वर्षांची दुरुस्ती हमी असल्याने त्या काळातील दुरुस्ती पुरवठादाराकडे जाते. मात्र पॅनल उभारणी, छतावरील सौर संच आणि हमी संपल्यानंतरची देखभाल यांत नवीन कामाला वाव आहे. त्यासाठी इन्व्हर्टर व पंप नियंत्रकाचे ज्ञान लागते.

पुढील शिक्षण

दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यास पदविका अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. शिल्प निदेशक प्रशिक्षण पूर्ण करून आयटीआयमध्ये निदेशक होणे हाही एक मार्ग आहे.