निवतीची पुळण

दोडामार्ग हा सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या भागात डोंगर आहेत, दाट रान आहे, तिलारी नदी आहे; पण समुद्र नाही. तिलारीचे पाणीदेखील गोव्यात शिरते आणि तेथे शापोरा हे नाव धारण करून अरबी समुद्रास मिळते. म्हणून दोडामार्गच्या मुलांना आपल्याच जिल्ह्यातील निवतीचा किनारा पाहावयाचा असेल, तर बांदा, सावंतवाडी, कुडाळ आणि परुळे असा प्रवास करावा लागतो.

परुळ्याच्या पुढे रस्ता उताराला लागतो. दोन्ही बाजूंना काजूची आणि आंब्याची झाडे दिसतात. मग माडांची दाटी सुरू होते, आणि एका वळणावर समुद्र एकाएकी समोर येतो. दोन डोंगरांच्या कुशीत चंद्रकोरीसारखी वाळूची पुळण पसरलेली असते. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात. लाटांच्या गाजेखेरीज फारसा आवाज नसतो.

भूमध्य समुद्राच्या काठी अशा निवांत उपसागरांभोवती ऑलिव्हची बने असतात. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. त्या हवेस ऑलिव्हचे झाड अनुकूल आहे. कोकणात याच्या अगदी उलट स्थिती असते. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो आणि नंतरचे कित्येक महिने कोरडे जातात. जांभ्या दगडाच्या उतारावर अशा हवेत तग धरणारे झाड म्हणजे काजू. ते मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारतात आणले. आज ते इतके आपले झाले आहे, की त्याच्या लाल-पिवळ्या बोंडूंवाचून कोकणातील उन्हाळ्याची कल्पनाच करवत नाही. वेंगुर्ल्यास १९५७ साली स्थापन झालेल्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या अनेक सुधारित जाती तयार केल्या आहेत.

हा उपसागर इतका शांत का, याचे उत्तर त्याच्या आकारात आहे. दोन्ही बाजूंचे खडकाळ डोंगर समुद्रात पुढे घुसलेले आहेत. लाटा किनाऱ्याकडे येताना त्यांच्याभोवती वळतात. त्यांचा जोर त्या टोकांवर एकवटतो आणि मधल्या खोलगट भागात विखुरला जातो. जोर ओसरलेल्या पाण्यातील वाळू तेथे खाली बसते. अशा रीतीने खडक लाटांचे तडाखे सोसतात, म्हणून पुळण सुरक्षित राहते. याच परिसरातील डोंगरावर निवतीचा किल्ला आहे. १८१९ साली तो इंग्रजांनी घेतला. आता तेथे पडक्या तटांचे अवशेष उरले आहेत. परंतु तेथून दिसणारा समुद्र मात्र तसाच विशाल आहे. दूर समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक दिसतात. त्यांवर दीपगृह आहे, आणि तेथील गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत नांदते.

पुळण वरवर स्थिर दिसते, पण ती स्थिर नसते. पावसाळ्यातील उंच लाटा तिच्यावरील वाळू ओढून समुद्रात नेतात. पुळण तेव्हा अरुंद व उतरती होते. पाऊस संपला, की सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. समुद्र दर वर्षी वाळू उसनी नेतो आणि दर वर्षी परत करतो. माणसाने मधेच ती वाळू उपसून नेली किंवा अगदी काठाशी भिंत बांधली, तर हा व्यवहार मोडतो. मग पुळण झिजते, आणि लाटा माडांच्या मुळांपर्यंत येऊन पोहोचतात.

पुळणीवर माणसाचाही चरितार्थ चालतो. मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावर रापण नावाची मासेमारीची जुनी पद्धत आहे. होडीतून एक लांब जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात. त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात आणि मग पुष्कळ माणसे मिळून ते ओढतात. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. श्रम अनेकांचे, म्हणून मासळीचे वाटेही अनेकांचे. पुळण नाहीशी झाली, तर जाळे ओढावयास जागाच उरणार नाही.

या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवेही अंडी घालावयास येतात. त्यांची पाठ ऑलिव्हच्या रंगाची असते, म्हणून हे नाव. मादी रात्री वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते आणि ती झाकून परत जाते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात व उजळ दिसणाऱ्या क्षितिजाच्या दिशेने धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राचीच असते. किनाऱ्यावर प्रखर दिवे असले, की पिले फसून जमिनीकडे वळतात आणि मरतात. माणसाला सोयीचा वाटणारा दिवा त्यांना घातक ठरतो.

२०२१ साली परुळ्याजवळील चिपी येथे विमानतळ सुरू झाला. रस्तेही सुधारले. पाहुणे आले, तर गावास रोजगार मिळतो, आणि तो गावास हवाच आहे. परंतु पाहुणे ज्या शांततेसाठी येतात, तीच त्यांच्या येण्याने नाहीशी होऊ नये. वाळू जागच्या जागी ठेवावी, कचरा आपल्याबरोबर परत न्यावा, रात्री दिवे मंद असावेत. एवढे नियम पाळणे कोणासही अवघड नाही.

संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडतो आणि दूरच्या खडकांवर दीपगृहाचा दिवा लुकलुकू लागतो. दोडामार्गची मुले परतीच्या वाटेला लागतात. त्यांच्या पावलांचे ठसे वाळूवर उमटलेले असतात. भरतीची पहिली लाट येते आणि ते पुसून टाकते. पुळण पुन्हा पहिल्यासारखी होते. माणसाने तेथे मागे ठेवावे, ते इतकेच.