झुडपी, पडीक आणि वन : चंद्रपूरच्या नदीकाठचे वन्यजीवन

‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत व ‘वन्य’ म्हणजे रानटी, या अर्थच्छटांच्या मुळाशी नगर आणि वन ही परस्परविरोधी स्थळे होत, हे गृहीत आहे. चंद्रपूरच्या बाबतीत ते तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

इरई व झरपट या नद्यांच्या सान्निध्यात गोंड राजांनी वसविलेल्या या नगरास दगडी परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर या चार वेशींच्या आत वस्ती आणि बाहेर रान, असा भेद पूर्वी करता येत असे. पुढे कोळशाच्या खाणी वाढल्या. १९८३ साली दुर्गापूरचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि वस्ती परकोटाबाहेर दूरवर पसरली. त्याबरोबरच खाणींतून उपसलेल्या मातीचे ढिगारे, वीजकेंद्राचे विस्तीर्ण आवार, नदीकाठची मोकळी जागा अशी तिसऱ्याच प्रकारची भूमी निर्माण झाली. तीवर वेड्या बाभळीची दाट झुडपे माजली. व्यवहारात तिला पडीक म्हणतात. परंतु ती निर्जन असली तरी निर्जीव नव्हे. झुडपांत आडोसा, नदीत पाणी आणि वस्तीच्या उकिरड्यावर पोसलेली डुकरे व कुत्री हे भक्ष्य, अशा तिन्ही गरजा तेथे भागतात. म्हणून उत्तरेकडील ताडोब्याच्या अरण्यातून वाघ, बिबटे व अस्वले येथवर येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीजकेंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा व लगेच दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला.

विदर्भाच्या महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी एक संज्ञा आहे. झुडपी म्हणजे वन की नव्हे, हा वाद अनेक दशके चालला. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला वनाचाच दर्जा असल्याचा निर्णय दिला. संज्ञेचा अर्थ ठरला, तसे दायित्वही ठरले. खाणी व वीजकेंद्राभोवतालच्या झुडपांना मात्र असे निश्चित नाव नाही. दप्तरात ती उद्योगाची जागा, वाघाच्या लेखी ते वन.

सबब, केवळ जनावर पकडून अन्यत्र नेल्याने प्रश्न सुटणार नाही. आडोसा व भक्ष्य कायम असेपर्यंत रिकाम्या जागी दुसरे येईल. वस्तीलगतची झुडपे विरळ करणे, उकिरडे हटविणे आणि नदीकाठचा जनावरांचा मार्ग वस्तीपासून दूर मोकळा राखणे, ही कामे प्रथम होत. त्यासाठी आधी ती भूमी रिकामी नाही, हे मान्य केले पाहिजे.